दादांना मराठीत दाखवलेलं घर

घर दाखवणाऱ्या रेंजरबाई पोर्चच्या पायऱ्यांवर उभ्या राहून चार वाक्यं बोलल्या आणि दादांनी, माझ्या वडिलांनी, माझा दंड धरला. "काय म्हणाल्या?"

मी हळू आवाजात सांगितलं, "घर १८९५ सालचं आहे. आधी गोऱ्या लोकांचं होतं. मार्टिनच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, १९०९ मध्ये साडेतीन हजार डॉलरला विकत घेतलं."

"आईच्या वडलांनी? म्हंजे आजोळ हाय की हे पोराचं."

मी तेव्हा ॲटलांटात अकरा वर्षं राहत होते. ५०१, ऑबर्न ॲव्हेन्यू या घरावरून कितीदा तरी गाडीने गेले होते, पाहुण्यांना ते बाहेरून दाखवलं होतं. काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेले मार्टिन ल्यूथर किंग इथे जन्मले, बारा वर्षांचे होईपर्यंत इथे वाढले, हे पाठ होतं. पण जे काही वाचलं होतं ते इंग्रजीत, आणि इंग्रजीत ते किंग यांचं जन्मघर होतं. ते आजोळ आहे हे कधी मनातच आलं नव्हतं. पुढचा अर्धा तास असाच गेला. रेंजरबाई इंग्रजीत घर दाखवत होत्या, मी ते मराठीत करत होते, आणि दादा माझ्या मराठीतला एखादा शब्द बाजूला सारून तिथे स्वतःचा शब्द बसवत होते.

ही मे २०१९ची गोष्ट. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि दादांना मी तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आणलं होतं. दादा साताऱ्याकडच्या एका खेड्यातले, जन्म १९४८चा. पंधराव्या वर्षी परळला चुलत्याकडे आले. दिवसा मिळेल ते काम आणि रात्री शाळा करत मॅट्रिक झाले, मग रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. चुलत्याची खोली बीआयटी चाळीत होती. त्याच चाळींतल्या एक नंबरच्या चाळीत, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत, बाबासाहेब वीसेक वर्षं राहिले होते. दादा गावाहून आले त्याच संध्याकाळी चुलत्याने त्यांना तिथे नेलं, गॅलरीत उभं केलं आणि सांगितलं, "हात लाव भितीला." ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. म्हणून अमेरिकेत आल्यावर दादांनी नायगारा विचारला नाही की न्यूयॉर्क. दुसऱ्या दिवशी चहा पिताना विचारलं, "मार्टिन ल्यूथर किंगचं घर तुझ्याच गावात हाय न्हवं? आत जाऊ देत्यात का?"

आत जाऊ देत होते, आणि पैसेही घेत नव्हते. मात्र तेव्हाची रीत अशी होती की जागा आधी राखून ठेवता यायची नाही. त्याच दिवशी, समक्ष, राष्ट्रीय उद्यान सेवेच्या माहिती केंद्रात जाऊन नाव द्यायचं. एका फेरीत जास्तीत जास्त १५ माणसं, कारण घर लाकडी आणि खोल्या घरगुती मापाच्या. शनिवारी आम्ही अकरा वाजता पोचलो तेव्हा दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या भरून गेल्या होत्या. मला वाईट वाटलं, दादांना नाही. "भरल्या म्हंजे लोक येत्यात," ते म्हणाले, "उद्या लवकर येऊ." रविवारी आठ चाळीसला केंद्राच्या दाराशी आम्हीच पहिले होतो. नऊला दार उघडलं, काउंटरवर नाव लिहिलं, दहाच्या फेरीत जागा मिळाली.

मधला तास बाहेर फिरण्यात गेला. रविवार असल्यामुळे किंग कुटुंबाच्या एबेनेझर चर्चच्या नव्या इमारतीकडे माणसं निघाली होती. बायकांच्या डोक्यावर मोठमोठ्या टोप्या, पोरांना कडक इस्त्रीचे शर्ट. दादा म्हणाले, "चौदा एप्रिलला आपल्याकडं निघत्यात तशी निघाल्यात."

माहिती केंद्राबाहेर गांधीजींचा पुतळा आहे. दादा तिथे थांबले. आमच्या घरात गांधीजींविषयीचं बोलणं पुणे करारापासून सुरू होतं, ते इथे लपवण्याचं कारण नाही. दादांनी पुतळ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्या दोघांची गाठ कुठं पडली?"

गाठ पडली नव्हती. मी सांगितलं की किंग यांनी गांधीजी वाचले, आणि १९५९च्या फेब्रुवारीत ते पत्नी कोरेटाला घेऊन महिनाभर भारतात आले. मुंबईत त्यांनी गावदेवीच्या मणिभवनात, गांधीजी जिथे उतरायचे त्याच घरात मुक्काम केला.

"एकोणसाठ," दादा म्हणाले. "बाबासाहेब जाऊन दोन वर्षं झाली हुती."

मग मी त्यांना त्रिवेंद्रमची हकिगत सांगितली. त्याच दौऱ्यात किंग केरळातल्या एका शाळेत गेले होते. तिथली बरीच मुलं अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या घरांतली. मुख्याध्यापकांनी ओळख करून देताना म्हटलं, हे अमेरिकेतून आलेले आपल्यासारखेच एक अस्पृश्य. किंग यांना आधी धक्का बसला, त्या शब्दाने ते दुखावले. मग आपल्या देशातल्या काळ्या माणसांची अवस्था त्यांच्या डोळ्यांपुढून गेली आणि त्यांनी स्वतःशीच कबूल केलं की होय, मी अस्पृश्य आहे आणि अमेरिकेतला प्रत्येक काळा माणूस अस्पृश्य आहे. ही हकिगत त्यांनी स्वतः सांगितली ४ जुलै १९६५ला, एबेनेझर चर्चमध्ये. जुन्या चर्चची ती लाल विटांची इमारत आमच्यासमोरच होती. मी बोट दाखवलं.

दादांनी विचारलं, "आदी राग आला त्याला?"

"हो. आधी राग आला."

"मग खरं सांगितलं त्यानं," दादा म्हणाले. "राग यायलाच पायजे. त्याच्याबिगर दुसरं काय समजत न्हाय."

समाधीपाशी आम्ही थोडाच वेळ थांबलो. निळ्या पाण्याच्या मधोमध पांढरा संगमरवर, किंग यांच्या शेजारी २००६ पासून कोरेटा. दादांनी हात जोडले. तिथे भाषांतर लागलं नाही.

घराच्या समोरच्या बाजूला एका ओळीत अरुंद लाकडी घरं आहेत. पुढच्या दारातून बंदुकीची गोळी झाडली तर ती सरळ मागच्या दाराने बाहेर पडेल, अशी एकामागे एक खोल्यांची बांधणी, म्हणून त्यांना इंग्रजीत बंदुकीचंच नाव पडलं, असं सांगतात. एका भिंतीला दोन बिऱ्हाडं. मजुरांसाठी बांधलेली. दादांनी रस्ता ओलांडून ती जवळून बघितली, बाहेरूनच. "चाळ हाय ही," त्यांनी निकाल दिला. "आडवी चाळ." मग वळून समोरच्या दुमजली घराकडे बघितलं. फिकट पिवळसर रंग, तपकिरी चौकटी, कोपऱ्याला वळसा घालून गेलेला पोर्च, छपराच्या टोकाशी लाकडाची नक्षी. "आन हे पाटलाचा वाडा. इतक्या जवळ जवळ?"

त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. १९०६ मध्ये ॲटलांटात गोऱ्या जमावाने काळ्यांची कत्तल केली. त्यानंतर या भागातली गोरी कुटुंबं हळूहळू निघून गेली आणि काळ्यांची वस्ती वाढत गेली. काळ्या माणसाने कुठे राहायचं हे ठरलेलं असल्यामुळे धर्मगुरू, डॉक्टर, धंदेवाले आणि मजूर एकाच रस्त्यावर आले. पैसा असला तरी वस्ती ओलांडता यायची नाही.

दादा म्हणाले, "ते कळलं मला. वाडा आसला तरी वाड्यातच."

त्यांच्या तोंडी दुसरा 'वाडा' म्हणजे महारवाडा. हे मला कुणी इंग्रजीत विचारलं असतं तर एक अख्खा परिच्छेद लागला असता.

दहाला फेरी सुरू झाली. पंधरा जणांत आम्ही दोघंच भारतीय, बाकी बहुतेक काळी कुटुंबं, मुलंबाळं घेऊन आलेली. आजोळाचा शब्द पोर्चवरच पडला होता. रेंजरबाईंनी पुढे सांगितलं की मार्टिनचे वडील १९२६च्या नोव्हेंबरमध्ये आल्बर्टा विल्यम्सशी लग्न करून याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत दादा म्हणाले, "घरजावई." आणि मला तो माणूस एकदम दिसला. सासरा एबेनेझर चर्चचा धर्मगुरू, मान मोठा, घर त्याचं. जावई खेड्यातून आलेला, आईबाप दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे. शहरात येऊन विशीच्या तोंडावर शाळेत गेला तेव्हा त्याला पाचवीच्या वर्गात लहान पोरांबरोबर बसवलं होतं. पुढे सासऱ्याच्या माघारी तोच त्या चर्चचा धर्मगुरू झाला. हे मी सांगितलं तेव्हा दादांनी मान हलवली. "मी सोळाव्या वर्षी सहावीत बसलो हुतो. बाकाखाली गुडघं मावायचं न्हाईत."

आत शिरण्याआधी दोन सूचना मिळाल्या. फोटो काढायचे नाहीत. आणि कशाला, अगदी भिंतीलासुद्धा, हात लावायचा नाही. दुसरी सूचना मी मराठीत करताना अडखळले. दादांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन बोटांत बोटं अडकवली.

पुढची खोली पियानोची. मी 'दिवाणखाना' म्हटलं, दादांनी 'सोपा' केलं, कारण पाहुणा आला की तो इथेच टेकणार आणि त्याच्यापुढे मुलांना नीट बसावं लागणार. पियानो शिकायला मोठ्या बहिणीची, क्रिस्टीनची, ना नव्हती. मार्टिन आणि ए. डी. या दोघा भावांना मात्र तो नको असायचा. घरात मार्टिनला एम. एल. म्हणत. तर एकदा या दोघांनी शिक्षकांच्या स्टुलाचे पाय सैल करून ठेवले आणि शिक्षक बसताक्षणी खाली आले. पुढे उभी असलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी खुदकन हसली, तिच्या आईने तिला गप्प केलं, आणि रेंजरबाई म्हणाल्या की हसू द्या, या घरात पोरं हसतच होती.

जेवणघरातलं टेबल मांडून ठेवलं होतं. जेवायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक मुलाने बायबलमधलं एक वचन म्हणायचं, असा वडिलांचा दंडक. एम. एल.चं आवडतं वचन सगळ्यात छोटं: येशू रडला. दादांना ते फार आवडलं. आमच्याकडे जेवणाआधी त्रिसरण व्हायचं आणि मी भुकेने पहिली ओळ झाली की ताट ओढायची, याची त्यांनी मला तिथल्या तिथे आठवण करून दिली.

स्वयंपाकघरात मात्र दादा रमले. भांडी विसळायची पाळी आली की एम. एल. न्हाणीघरात जाऊन बसायचा. कोळसा आणून भट्टी पेटती ठेवायचं काम मुलग्यांकडे. हे सांगून रेंजरबाई पुढे निघाल्या तरी दादा तिथेच उभे. त्यांना भट्टी कुठे होती, कोळसा कुठून टाकायचे, राख कोण काढायचं, हे सगळं हवं होतं. मी विचारलं. रेंजरबाई परत आल्या, तळघराची जागा दाखवली, आणि कोळशाविषयी एवढं विचारणारा माणूस कोण म्हणून चौकशी केली. मी सांगितलं, रेल्वेत फिटर होते. त्यांनी दादांकडे बघून टोपीच्या कडेला हात लावला.

मला इथे एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. थोर माणसाचं घर जपायचं म्हणजे त्याचं स्वयंपाकघर जपायला हवं, मोरी जपायला हवी. आपल्याकडे मोठ्या माणसांची घरं बघताना मी कितीदा फोटोंच्या भिंती आणि काचेतली पत्रं बघून बाहेर पडले आहे. तिथे नमस्कार करता येतो. पण भांडी कुणी घासली, सरपण कुणी फोडलं, लहानपणी मार कशाबद्दल खाल्ला, हे विचारायला काही समोर नसतं. पाठ चुकवून न्हाणीघरात लपलेला मुलगा त्या रविवारी पंधरा माणसांनी पाहिला आणि त्यात सात-आठ वर्षांची ती मुलगीही होती.

जिन्यापाशी दादा थबकले. गुडघे दुखत होते आणि हात पाठीमागे. रेंजरबाईंच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, कठडा धरा, धरूनच चढा. मी मराठीत सांगितलं. दादांनी माझ्याकडे बघितलं, "लावू हात?" आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. जिना चढायला त्यांना बराच वेळ लागला. माझ्या मते गुडघ्यांना लागला असता त्याहून जास्त.

वरच्या मजल्यावर समोरच पहिली मोठी खोली आईवडिलांची. इथे १५ जानेवारी १९२९ला दुपारच्या सुमारास किंग यांचा जन्म झाला. मी म्हटलं, "ही जन्माची खोली."

"बाळंतिणीची खोली म्हण," दादा म्हणाले.

क्रिस्टीन १९२७, मार्टिन १९२९, ए. डी. १९३०. चार वर्षांच्या आत तीन बाळंतपणं, तिन्ही घरातच, माहेरच्या घरात. मी आजवर या खोलीविषयी जे वाचलं होतं त्यात एक मूल जन्माला आलं होतं. दादांच्या शब्दात पलंगावर बाई होती. त्या क्षणापासून माझ्यासाठी ते घर आल्बर्टाचं झालं. लहानपणापासून ती तिथेच वाढली, तिथेच लग्नानंतर संसार मांडला, आणि एबेनेझर चर्चमध्ये ती ऑर्गन वाजवायची. १९६८च्या एप्रिलमध्ये मेम्फिसला मार्टिनचा खून झाला. १९६९च्या जुलैमध्ये ए. डी. घरच्या पोहण्याच्या तलावात मेलेला सापडला. ३० जून १९७४ला, रविवारी, ती चर्चमध्ये ऑर्गनवर बसली असताना एका माणसाने तिला गोळ्या घालून मारलं. हे सगळं मी दादांना त्या खोलीत सांगितलं नाही, बाहेर आल्यावर सांगितलं. पण आणखी एक गोष्ट तिथेच सांगितली. किंग कुटुंब १९४१ मध्ये हे घर सोडून जवळच दुसरीकडे गेलं होतं, मध्यंतरी इथे इतर लोक राहिले, काही वर्षं ए. डी.चं बिऱ्हाड होतं. सत्तरच्या दशकात घर पुन्हा मुलांच्या लहानपणीसारखं लावायचं ठरलं तेव्हा कुठे काय होतं हे आल्बर्टाने आणि क्रिस्टीनने आठवून सांगितलं. दोन मुलं पुरलेली आई त्यांच्या खोलीतल्या वस्तू कुठे ठेवायच्या हे दाखवत होती.

दादा म्हणाले, "तिला कसं जमलं आसल?" त्यांना उत्तर नको होतं.

मुलांच्या खोलीत खेळणी मांडली होती. भावांनी क्रिस्टीनच्या बाहुल्यांची मुंडकी उपटून चेंडू म्हणून वापरली. आजीच्या गळ्यातली केसाळ फर काठीला बांधून कुंपणातून बाहेर काढायची आणि रस्त्याने जाणाऱ्यांना भिववायचं, हा दुसरा उद्योग. दादा हसले. मग आजीची खोली आली.

जेनी विल्यम्स. मुलं तिला 'मामा' म्हणत, इंग्रजीतलं, म्हणजे आई. एम. एल.वर तिचा जीव, त्याला वडिलांचा मार बसला की ती रडायची. १८ मे १९४१ला, रविवारी, बारा वर्षांचा एम. एल. घरच्यांना न सांगता मिरवणूक बघायला गेला होता. तो तिकडे असताना आजी गेली. घरी येऊन कळल्यावर त्याला वाटलं, मी गेलो म्हणून हे झालं. त्याने वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली उडी टाकली.

मी मिरवणुकीपर्यंत सांगितलं आणि मला पुढचं बोलता येईना. आई गेली तेव्हा मी विमानात होते. परळच्या इस्पितळात ती तीन दिवस होती आणि पहिल्या दिवशी मला निघता आलं असतं. ऑफिसचं एक काम होतं, ते संपवून निघाले. हे मी वर्षभर कुणाजवळ बोलले नव्हते.

दादांनी विचारलं, "मग? पोरानं काय केलं?"

मी सांगितलं. ते खिडकीकडे बघत राहिले. खिडकी बंद होती, बाहेर रस्त्यावर ऊन होतं. पुढची माणसं जिन्याकडे निघाली, आम्ही दोघंच मागे राहिलो.

"बारा वर्षांचं पोर," दादा म्हणाले. "त्याला कुणीतरी जवळ घेऊन सांगायला पायजे की तुझी चूक न्हाय. म्हातारी जायचीच हुती. तू हितं आसतास तरी गेली आसती."

हे बोलताना त्यांनी खिडकीवरची नजर काढली नाही. मग पाठीमागचे हात सोडले, एक माझ्या डोक्यावर ठेवला, आणि पुन्हा मागे नेऊन बोटं अडकवली.

खाली उतरताना त्यांनी पुन्हा कठडा धरला.

बाहेर आल्यावर आम्ही पदपथाच्या कडेला टेकलो. त्यांनी पाणी प्यायलं आणि म्हणाले, "आता त्या शिवाशिवीचं सांग." आत मी दोनदा 'वर्णभेद' म्हटलं होतं आणि त्यांना तो शब्द पुस्तकी वाटला होता. मी दोन गोष्टी सांगितल्या. समोरच्या बाजूला दुकान असलेल्या एका गोऱ्या माणसाचा मुलगा एम. एल.चा खेळगडी होता. दोघं सहा वर्षांचे होऊन वेगवेगळ्या शाळांत जायला लागले तेव्हा त्या मुलाला घरून सांगण्यात आलं की आता याच्याबरोबर खेळायचं नाही. त्या रात्री जेवताना आईवडिलांनी एम. एल.ला पहिल्यांदा सगळं समजावून सांगितलं. म्हणजे ते टेबल, जिथे 'येशू रडला' म्हटलं जायचं. दुसरी गोष्ट चपलांच्या दुकानातली. वडील त्याला बूट घ्यायला घेऊन गेले, दुकानदार म्हणाला मागच्या खुर्च्यांवर बसा, मग देतो. वडील म्हणाले, इथेच बसून घेऊ, नाहीतर घेणारच नाही. आणि मुलाचा हात धरून बाहेर पडले.

"आमच्या गावात दुकानदार पैसं खाली ठेवायला लावायचा," दादा म्हणाले. "त्यावर पाणी मारून मग उचलायचा. गूळ वरनं टाकायचा फडक्यात. माझा बाप काय बोलायचा न्हाय. बोलला आसता तर गूळबी न्हाय आन गावबी न्हाय." थोडं थांबून म्हणाले, "ह्याचा बाप उठला, कारण घरी वाडा हुता सासऱ्याचा. उठायला बी मागं भित लागती."

मी त्यांना साताऱ्याच्या शाळेची आठवण दिली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी छोट्या भिवाचं, म्हणजे बाबासाहेबांचं, नाव त्या शाळेच्या रजिस्टरात चढलं, ते रजिस्टर अजून जपून ठेवलंय आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. दादांनी ते पान पाहिलेलं होतं. वर्गात भिवा बसायचा ते गोणपाट मात्र कुणी ठेवलं नाही, ते म्हणाले. रोज घरून आणायचं आणि घरी न्यायचं. फाटलं तेव्हा टाकलं असणार.

२०१८च्या अखेरीस हे घर किंग कुटुंबाकडून सरकारी उद्यान सेवेकडे आलं, १९ लाख डॉलरला, हेही मी सांगितलं. साडेतीन हजारांचे एकोणीस लाख. दादांनी आकडा ऐकला आणि विचारलं, "आता कुणाचं म्हणायचं?" मी म्हटलं, सगळ्यांचं. ते म्हणाले, "मग कागद दे."

फोटो नव्हते म्हणून त्यांनी गाडीत बसून माझ्या वहीच्या पानावर घराचा नकाशा काढला. फिटरचा हात, पट्टी नसताना रेषा सरळ. खालचा मजला, वरचा मजला, जिना, कठड्याची जाड रेघ. खोल्यांवर नावं लिहिली. सोपा. जेवणघर. स्वैपाकघर. कोळसा. बाळंतिणीची खोली. पोरं. म्हातारी. ते पान घडी करून पाकिटात ठेवलं आणि परळला नेलं.

२०२३च्या जूनमध्ये क्रिस्टीन वारल्या. त्या घरात जन्मलेल्या तिघांतल्या शेवटच्या. नोव्हेंबरमध्ये घर मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केलं गेलं. आणि ७ डिसेंबरच्या संध्याकाळी बातमी आली की एका बाईने त्या घरावर पेट्रोल ओतलं, पण पेटवायच्या आत तिला अडवलं. मी दादांना फोन लावला. तिकडे सकाळ होती. सहा तारखेला चैत्यभूमीला जाऊन आल्यामुळे त्यांचे पाय सुजले होते आणि ते पलंगावरच होते.

"पेटलं का?" त्यांनी पहिलं विचारलं.

"नाही."

"कुणी धरली तिला?"

"घर बघायला आलेल्या लोकांनी. दोघं न्यूयॉर्कचे पोलीस होते, सुट्टीवर फिरायला आलेले."

"बघाय आलेल्यांनी," ते म्हणाले. मग फोनमध्ये पाकीट उघडल्याचा आणि कागद उलगडल्याचा आवाज आला. घडीवर फाटायला लागलाय, असं काहीतरी पुटपुटले.

"पेट्रोल कुठल्या अंगाला वतलं?"

"पुढच्या. पोर्चकडे."

"आत न्हाय गेली?"

"नाही, दादा."

"म्हंजे कठडा हाय."

"आहे."

"बरं," दादा म्हणाले, "आता मला नीट सांग, दुरुस्तीत काय काय काढणार हाईत?"